जेवणाआधीचं नाव

देवाजीच्या तोंडात आता एकही दात उरला नव्हता. त्याचं कारण वनखात्याच्या फाइलीत सापडलं, पण त्याआधी गावाचं सांगायला हवं.

गावाचं नाव धावडझरी. धावड्याची दाट झाडी, तिच्या पोटातून निघणारा झरा, झऱ्याखाली एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि बोडीच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या. कानाला इतकं गोड नाव, पण आसपासच्या दहा गावांत ते कुणी उपाशी पोटी घेत नसे. म्हणे फार पूर्वी तिथल्या मालगुजाराकडे सिहोऱ्याकडची वरात आली होती. दोन दिवस बैलगाड्या हाकत आलेल्या त्या वऱ्हाड्यांना मालगुजाराने गूळ-पाणी दिलं आणि हात जोडून वाटेला लावलं. तेव्हापासून असं पडलं की सकाळी जेवणाआधी जो धावडझरीचं नाव घेईल, त्याला दिवसभर अन्न मिळणार नाही. मालगुजार गेला, मालगुजारी गेली, पण त्याचा कंजूषपणा तेवढा गावाच्या नावाला चिकटून राहिला. माणूस मेल्यावर त्याचं काय टिकेल, हे काही आपल्या हातात नसतं.

गावाचेच लोक काय करणार? त्यांनाही दुपारपर्यंत गावाचा उल्लेख करावा लागेच. गाव बोडीच्या वरच्या अंगाला, म्हणून जेवणाआधी सगळे त्याला ‘वरचा टोला’, म्हणजे वरची वस्ती, म्हणत. पोटात भात गेला की धावडझरी. अर्धा दिवस एक नाव, अर्धा दिवस दुसरं. लहान पोराला बोलता यायला लागलं की आई आधी हे शिकवी, मग पाढे.

तेरा वर्षांपूर्वी अभयारण्याची हद्द वाढली आणि धावडझरी उठली. अड्याळच्या रस्त्याला एकसारख्या पत्र्याच्या घरांची वसाहत झाली, तिथे सगळे येऊन राहिले. महसुलाच्या कागदावर मात्र गाव उठत नसतं. तिथे अजून लिहिलेलं आहे: मौजा धावडझरी, रिठी, लोकसंख्या शून्य. रिठी म्हणजे ज्या गावात माणूस राहत नाही असं गाव. सरकारला माणसांशिवायचं गाव चालतं, गावाशिवायची माणसं कुठे लिहायची ते अजून ठरलेलं नाही.

देवाजीची बायको रुखमिणी हिला या कशाचं काही नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती. दरवर्षी नवं धान निघालं की पहिल्या लोंब्यांची जुडी गावच्या मातामाय देवीला वाहायची, मगच नवा भात तोंडात घालायचा, हा तिच्या सासरचा नेम. वसाहतीत आल्यापासून मातामाय जंगलात आणि रुखमिणी तारेबाहेर. पण तिने नेम सोडला नाही. दरवर्षी पहिल्या लोंब्यांची जुडी बांधून ती घरात आढ्याला टांगून ठेवी. तेरा वर्षांच्या तेरा जुड्या. जुन्या जुड्यांतले दाणे उंदरांनी कधीच नेले होते, नुसतं तणीस लोंबत होतं. यंदा तिचे गुडघे इतके धरले की शेजारच्या घरी जायलाही तिला दोनदा बसावं लागे.

“एक डाव न्या मले,” ती म्हणे. “पुढच्या साली मी चालन का नाई, कोन सांगते?”

नेणं अशक्य होतं असं नाही. उठलेल्या गावांच्या लोकांना वर्षातून एक दिवस सकाळी सहा ते दहा आत जाऊन पूजा करता येईल, असा आदेश होता. देवाजीने तीनदा अर्ज केला. तीनदा एकच उत्तर आलं: यादीत धावडझरी नावाचे गाव नाही.

यादीत वरचा टोला होता. वनखात्याच्या नकाशावरही तेच, जंगलातल्या हिरव्या पाटीवरही तेच. दरवर्षी वरच्या टोल्याच्या लोकांसाठी एक दिवस राखून ठेवला जाई आणि दरवर्षी नोंद होई: एकही अर्ज आला नाही. कुठून येणार? धावडझरीच्या लोकांकडे सातबारे होते, शाळेचे दाखले होते, पण सगळ्यांवर धावडझरी. आपण वरच्या टोल्याचे आहोत असा कागद जगात एकाकडेही नव्हता.

गंमत एवढ्यावर थांबली नाही. ‘वरचा’ टोला आहे म्हणजे ‘खालचा’ असलाच पाहिजे, असं कुठल्याशा हुशार साहेबाला वाटलं. त्याने बोडीच्या काठावर ‘खालचा टोला पाणवठा’ अशी पाटी लावली. ती बोडी देवाजीची. त्याच्या बापाने खणलेली.

तेव्हापासून देवाजीचा रोजचा एक कार्यक्रम ठरला होता. वसाहतीच्या पारावर बसायचं आणि वनखात्याला हे नाव सांगणाऱ्या अज्ञात माणसाला शिव्या द्यायच्या. “ज्या मेल्यानं हे नाव सांगतलं,” तो हात वर करून म्हणे, “त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात पडो!” शेजारचा केवळराम, जन्मभर त्याच्यासोबत धान लावलेला आणि जन्मभर त्याची फिरकी घेतलेला, मान डोलावून म्हणे, “पडतीन, भाऊ, पडतीन. मातामाय आयकते.”

यंदा ऑफिसात नवीन बाई आल्या, उर्वशी मॅडम. त्यांना एक वाईट खोड होती. त्या फाइल वाचत. देवाजीचा चौथा अर्ज आला तेव्हा त्यांनी आधीचे तीन काढले, मग मूळ सर्वेक्षणाचा गठ्ठा मागवला, आणि देवाजीला बोलावणं धाडलं.

देवाजी आणि केवळराम पहिल्या एसटीने निघाले. ऑफिस उघडण्याआधीच दोघे पायरीवर बसलेले. मॅडमनी आत बोलावलं, खुर्च्या दिल्या, पिवळा पडलेला एक कागद पुढे ओढला.

“आजोबा, गाव उठल्यानंतरच्या वर्षी नकाशासाठी सर्वेक्षण झालं होतं. आमची माणसं तुमच्या वसाहतीत येऊन नावं विचारून गेली.”

“कोन्या गध्याले इचारलं, तेच पायजे आमाले,” देवाजी म्हणाला. “नाव हाये का त्याचं?”

“आहे.” मॅडमनी कागदावर बोट ठेवलं. “माहिती देणाऱ्याचं नाव, देवाजी चिंधूजी.”

केवळरामने देवाजीकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सावकाश म्हणाला, “बत्तीसच्या बत्तीस. मी म्हनलं होतं, आयकते म्हनून.”

देवाजीला सगळं आठवलं. थंडीचे दिवस, हातात यंत्र घेतलेले दोन पोरगे, आणि आपण शेकत बसलेलो. गावात सगळ्यात शहाणा म्हणून त्यांनी त्यालाच विचारलं, आणि त्यानेही छाती फुगवून सगळं सांगितलं होतं. बारा वर्षं तो ज्याला पारावर बसून शिव्या देत होता, तो माणूस रोज त्याच्याच ताटात जेवत होता. रुखमिणीच्या जुड्या कुणामुळे आढ्याला टांगल्या राहिल्या, हे त्याला त्या खुर्चीत कळलं आणि फार लाज वाटली.

“टाइम काय लिवला हाये, मॅडम?” त्याने बारीक आवाजात विचारलं.

“वेळ... सकाळी सात चाळीस.”

“मंग बरोबर हाये,” देवाजी एकदम ताठ झाला. “सात-चाळीसले मी जेवलो नसन.”

मॅडमना काही समजेना. केवळरामने मालगुजारापासून वरातीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं, हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मग म्हणाल्या, “ठीक आहे. ज्याने माहिती दिली त्यानेच दुरुस्ती द्यावी असा नियम आहे. आता बयान द्या. गावाचं खरं नाव काय?”

देवाजीने घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. पहिल्या एसटीच्या घाईत पोटात नुसता चहा गेलेला, आणि चहा म्हणजे काही जेवण नव्हे.

“दहा मिंटं देता का, मॅडम?”

तो रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेला, उभ्या-उभ्या दोन आलूबोंडे हिरड्यांनी चघळले, वर पाणी प्यायला आणि परत आला. मग टेबलापुढे उभं राहून त्याने असं नाव घेतलं की बाहेरचा शिपाई आत डोकावला. “धावडझरी! लिवा. धावडझरी!” मॅडमनी लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं याचा त्यांनी बराच वेळ विचार केला आणि शेवटी लिहिलं: ‘पूर्वीची माहिती अपूर्ण वेळेत घेतली गेली.’ वरच्या साहेबांनी त्याचा काय अर्थ लावला कोण जाणे, पण सही झाली. यादीतून वरचा टोला उडाला, तिथे धावडझरी आली. ‘खालचा टोला’ मात्र तसाच राहिला, कारण त्याच्या दुरुस्तीचा अर्ज कुणी केला नव्हता.

पास आला. वीस माणसं, मंगळवार, सकाळी सहा ते दहा. त्या दिवशी वीस जण पहाटेच्या गारठ्यात जंगलाच्या गेटवर उभे होते. रुखमिणी काठी टेकत पुढे, डोक्यावर टोपल्यात तेरा जुन्या आणि एक नवी अशा चौदा जुड्या. मातामायला वाहिल्याशिवाय खायचं नाही म्हणून वीसही जण उपाशी. परतताना खायला म्हणून प्रत्येकाजवळ डबा होता, पण गेटवरचा गार्ड हेमराज म्हणाला, आत खाण्याची वस्तू नेता येत नाही. सगळे डबे चौकीच्या ओट्यावर मांडले गेले. हेमराजने स्वतःचाही डबा त्यांच्यात ठेवला. तो शेजारच्याच गावचा, ओळखीचा माणूस.

मग त्याने रजिस्टर उघडलं. “गाव कोनतं?”

देवाजीने पास पुढे केला. “लिवलं हाये.”

“कागदावरचं नाई चालत, भाऊ. मागच्या साली दुसऱ्याच गावचे लोक भलत्याच्या पासवर शिरले. आता म्होरक्यानं तोंडानं सांगावं लागते, मंग मी लिवतो. नियम हाये.”

देवाजीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्याच्या जिभेवर जे नाव येत होतं, ते त्याने स्वतःच यादीतून काढून टाकलं होतं. उरलेलं नाव उपाशी पोटी घ्यायचं म्हणजे सणाच्या दिवशी वीस माणसांच्या ताटावर पाणी सोडायचं.

“हेमराज, तू वाच न बाप्पा. मी होय म्हनतो.”

“मी काहून वाचू?” हेमराज दचकून मागे सरला. “माहा डबा त्या ओट्यावर हाये. मीबी जेवलो नाई अजून.”

“मंग आमी एक-एक घास खातो, अन सांगतो,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मातामायच्या आंदी?” केवळराम म्हणाला, आणि ते तिथेच संपलं.

सव्वासहा झाले. साडेसहा झाले. जंगल पाहायला आलेल्यांच्या तीन जिपा धूळ उडवत आत निघून गेल्या. त्यांना कुणी गावाचं नाव विचारलं नाही. ज्याच्यासाठी चारदा अर्ज केले ते गेट समोर सताड उघडं होतं, आणि त्या गावचे वीस लोक आपल्या गावाचं नाव तोंडात घेऊन बाहेर उभे होते. देवाजीला रडावं की हसावं ते कळेना. पुन्हा आपल्याच तोंडामुळे, एवढं मात्र त्याला पक्कं कळत होतं.

रुखमिणी खाली बसली होती. ती काठीवर जोर देऊन उठली, टोपलं सावरलं आणि रजिस्टरसमोर जाऊन उभी राहिली.

“लिव,” ती म्हणाली. “धावडझरी.”

कुणीतरी मागे “अवो बाई!” म्हणून तोंडावर हात ठेवला.

“का झालं? इतके वर्सं जपून जपून नाव घेतलं, त गाव राह्यलं का? उपास पडन त पडन. लिव, हेमराज. धावडझरी.”

हेमराजने लिहिलं. लिहिताना त्याने एकदा आपल्या डब्याकडे पाहिलं.

आत जेमतेम दोन मैल वाट. पण रुखमिणीच्या गुडघ्यांना ती पंढरी झाली. तरी तिचं तोंड चालूच होतं. हे सासूचं मोहाचं झाड. ही गुलाबची बांधी, इथे साप निघाला होता. ही कवडूची खारी, गावालगतचं वावर. ज्या जागी नकाशावर नुसता हिरवा रंग होता, तिथे ती दर दहा पावलांवर एक नाव ठेवत चालली होती. घरांच्या जागी मातीचे उंचवटे उरले होते आणि त्यांवर घाणेरीचं रान माजलं होतं. मातामाय मात्र मोहाखाली तशीच होती, शेंदूर उडालेला तिचा दगड पालापाचोळ्यात अर्धा बुडालेला. रुखमिणीने हातांनी पाला सारला. एकेक जुडी काढून, कुठल्या वर्षाची ते सांगत, तिने पुढे ठेवली. पहिल्या जुडीत दाणाच नव्हता. “उंदरानं खाल्ला, माय,” ती म्हणाली, “पन आनला होता.” देवाजी बाजूला तोंड करून उभा राहिला. त्याला खोकला आला असं त्याने केवळरामला सांगितलं.

नव्या तांदळाची खीर करून सगळ्यांनी तिथेच खायची, ही रीत. पण आगीला बंदी. म्हणून नुसतं दर्शन घेऊन नऊ वाजता सगळे परत निघाले, आणि बोडीपाशी अडले. तिच्या बांधावर, ‘खालचा टोला पाणवठा’ या पाटीच्या बरोबर खाली, वाघीण दोन पिलांसह ऊन खात पसरली होती. वाट तिथूनच. सोबत दिलेल्या दुसऱ्या गार्डने सगळ्यांना मागे धरलं. दहाच्या आत बाहेर पडा हा एक नियम, वाघाजवळून जाऊ नका हा दुसरा. दोन्ही नियम समोरासमोर आले की वाघाच्या बाजूचा जिंकतो. अकरा वाजले, एक वाजला, तीन वाजले. वाघिणीला कुठे जायची घाई नव्हती. तिचा पास वर्षभराचा होता.

मध्ये एक जीप येऊन उभी राहिली. गाइड पाहुण्यांना हळू आवाजात सांगत होता, “इथं पूर्वी खालचा टोला नावाचं गाव होतं. तळ्यात बुडालं. शांत रात्री अजून घंटा ऐकू येते.”

देवाजीने आपल्या बापाच्या बोडीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

“गप राहा, भाऊ,” केवळराम कानात म्हणाला. “तुमी बोललं का एक नवीन गाव वसते.”

वाघीण उठली तेव्हा चार वाजून गेले होते. उन्हं कलता-कलता वीस जण पाय ओढत गेटवर पोचले. सगळ्यांची नजर ओट्यावर. ओट्यावर एकवीस झाकणं, वीस रिकामे डबे आणि चौफेर सांडलेला भात. वरच्या फांदीवर वानरांचा कळप तृप्त होऊन शेपट्या सोडून बसला होता. एक म्हातारं वानर हेमराजचा डबा मांडीवर घेऊन अजून बोटं चाटत होतं.

“तुमालेच पाहाले म्होरं गेलो, तेवढ्यात,” हेमराज ओशाळून म्हणाला. “माहाबी गेला. मी त नुसतं लिवलं होतं.”

आता रुखमिणीला कोण काय म्हणणार, याची देवाजीला भीती वाटली. तो तिच्या अंगावर जाणारा शब्द अडवायला पुढे झाला. पण रुखमिणीच हसायला लागली. आधी बारीक, मग पदर तोंडाला लावून, मग गुडघे धरून खालीच बसली.

“अजी, पाहा न!” ती देवाजीला म्हणाली. “माह्या मनात होतं, तेरा वर्सांत इसरलं असन आपल्याले. उपाशी ठेवलं न? एका एकाले ठेवलं! म्हंजे हाये. गाव हाये अजून.”

हसता हसता तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. मग केवळराम हसला, मग सगळेच. दिवसभराच्या भुकेने पोटं दुखत होती, त्यात हसण्याने आणखी दुखली.

हेमराजने रजिस्टर ओढलं. बाहेर पडतानाही नोंद करावी लागे. “सांगा. गाव कोनतं?”

देवाजीने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. त्याने रुखमिणीला हात देऊन उठवलं, तिचं रिकामं टोपलं आपल्या हातात घेतलं, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदाच उपाशी पोटी, दात नसलेल्या तोंडाने, नीट सांगितलं.

“धावडझरी.”